पाठमोरी माणसं

झेंडा धरायला ताकद लागते हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर झेंडा म्हणजे पंधरा ऑगस्टला गुरुजींनी दोरी ओढायची, फुलं पडायची आणि आपण खालून बघत राहायचं. इथं तीन फूट बाय पाच फुटांचं कापड, पुरुषभर उंचीचा दांडा आणि कॅन्ससचा वारा होता. विमानाच्या भागांवर किती ताण येतो याची गणितं करून मी पोट भरतो, त्यामुळे वाऱ्याचा दाब मला तसा परका नाही. पण कागदावर काढलेला दाब वेगळा आणि मनगटावर आलेला वेगळा. दहा मिनिटांत खांद्यातून कळा यायला लागल्या. झेंडा मध्येच दांड्याभोवती गुंडाळला जायचा, तो सोडवायला हात वर करावा तर दांडा कलायचा, आणि कापड जमिनीला लागता कामा नये हे तर आधीच बजावून सांगितलेलं.

माझ्या उजव्या हाताला छातीपर्यंत दाढी असलेला एक धिप्पाड माणूस उभा होता. ओठ न हलवता तो पुटपुटला, "वाऱ्याशी भांडू नकोस. त्याला थोडं दे." मी दांडा जरा सैल सोडला, दोन पावलं फाकवून उभा राहिलो, आणि मग जमलं.

ही २०१७ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विनफील्ड नावाच्या गावाबाहेर माजी सैनिकांची दफनभूमी आहे, आमच्या विचिटा शहरापासून साधारण पासष्ट किलोमीटरवर. तिच्या फाटकापासून आतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना आम्ही तीसेक जण हातात झेंडे घेऊन उभे होतो. ज्याच्यासाठी उभे होतो त्याला आमच्यापैकी एकानंही कधी पाहिलेलं नव्हतं. त्याची रक्षा अंत्यविधी करणाऱ्या एका दुकानाच्या फळीवर कित्येक वर्षं पडून होती. न्यायला कुणी आलंच नाही. 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट' नावाची स्वयंसेवकांची एक संस्था अशा दुकानांच्या फळ्या धुंडाळते, डब्यांवरची नावं सैन्याच्या नोंदींशी ताडून पाहते आणि सैनिक निघाला की त्याला सन्मानानं मातीत पोचवते. त्या दिवशीचा डबा असाच सापडलेला.

मला तिथं नेलं होतं ते आमच्या शेजाऱ्यानं.

विचिट्यात आम्ही २००७ साली आलो. पहिल्याच शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेजचं दार वर गेलं आणि आतून काळी चामडी बंडी घातलेला एक दांडगा म्हातारा बाहेर आला. बंडीवर पुढून-मागून बिल्ले आणि कापडी चकत्या शिवलेल्या, डोक्याला फडकं. त्यानं अंगणात मोटरसायकल चालू केली तशी आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरली. बायको म्हणाली, "घर घेण्याआधी शेजार बघायचा असतो, हे तुला कुणी शिकवलं नाही का?" सिनेमात पाहिलेल्या सगळ्या गुंडांचे पोशाख माझ्याही डोळ्यांपुढून गेले. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिनं त्यांचं नाव ठेवलं, हार्ली आजोबा. त्यांची गाडी हार्ली नव्हतीच, होंडा गोल्डविंग होती. मुलीला पुढं ते दर वेळी दुरुस्त करून सांगत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ही जपानी गाडी म्हणजे त्यांच्या मित्रमंडळींत थट्टेचा कायमचा विषय. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये जपान्यांशी लढलेले आणि पोरगा जपानी मोटरसायकल उडवतोय! त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "म्हातारा जिंकला म्हणून तर मला स्वस्तात मिळाली."

मोटरसायकलवाल्यांविषयी धास्ती बाळगणारे आम्ही काही पहिले नव्हे. ही धास्ती अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापासून मुरलेली आहे. युद्धावरून परतलेल्या पोरांना साध्या आयुष्यात करमेना, लष्कराच्या मोटरसायकली मोडीच्या भावात मिळत होत्या, त्यातून टोळ्या झाल्या. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरला, दारू झाली, धिंगाणा झाला, वर्तमानपत्रांनी तो आणखी फुगवला. पुढच्याच वर्षी हेल्स एंजल्स ही टोळी उभी राहिली. चामडी बंडी म्हणजे बदमाश हे समीकरण तेव्हापासून पक्कं झालं. मुळात ती बंडी घालणारे बरेच जण सैनिकच होते, ही गोष्ट लोकांच्या ध्यानातून गेली. माझ्या ध्यानात ती कधी आलीच नव्हती.

आमचे हार्ली आजोबा शनिवारी सकाळी जायचे ते अंत्ययात्रांना. महिन्यातून दोनदा, कधी चारदा. 'पेट्रियट गार्ड रायडर्स' असं त्यांच्या संघटनेचं नाव. जाण्याला ते 'मिशन' म्हणत. मला आधी हा शब्द जरा फुगीर वाटला. दुसऱ्याच्या मयताला जाणं हे कसलं मिशन? आमच्याकडे त्याला काही नावच नाही. माणूस गेला की आपण जातो.

आता टोपेकाबद्दल सांगायला हवं. ती कॅन्ससची राजधानी, आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेला. तिथं १९५५ मध्ये फ्रेड फेल्प्स नावाच्या माणसानं वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च काढलं. चर्च म्हणायचं म्हणून म्हणायचं, त्यातले बहुतेक सगळे त्याचेच मुलगे-मुली, सुना, जावई, नातवंडं. अमेरिका समलिंगी माणसांना खपवून घेते म्हणून देव तिला शिक्षा करतोय, एवढा एकच सिद्धान्त. आणि तो सांगायची जागा म्हणजे दुसऱ्याचं मयत. इराकच्या युद्धातून शवपेट्या यायला लागल्या तसे हे लोक सैनिकांच्या अंत्यविधींना रंगीत फलक घेऊन उभे राहू लागले. मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार, असं त्यांवर लिहिलेलं. आई पोराच्या पेटीमागून चालली आहे आणि रस्त्यापलीकडे नऊ-दहा वर्षांची मुलं हे फलक नाचवताहेत.

विचिट्याच्या दक्षिणेला मल्व्हेन म्हणून छोटं गाव आहे. तिथल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या १३६ क्रमांकाच्या शाखेत मोटरसायकलवाल्यांचा एक गट होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये त्या लोकांनी ठरवलं की हे पुरे झालं. पण करायचं काय? हाणामारी केली तर फेल्प्सच्या घरातले अर्धे लोक वकील, ते खटले भरून पैसे काढणार. ओरडायचं तर मयतात दुहेरी ओरडा. मग उपाय निघाला तो असा : दोघांच्या मध्ये उभं राहायचं. हातात मोठे झेंडे, तोंड घरच्यांकडे आणि पाठ त्या फलकांकडे. एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी गाणी-घोषणा सुरू केल्या तर मोटरसायकली चालू करून इंजिनांचा आवाज चढवायचा. काही महिन्यांत देशभरातून हजारो लोक येऊन मिळाले. २००६ च्या फेब्रुवारीत संस्था म्हणून नोंदणीही झाली.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अडखळलो तो पाठीवर. आपल्याकडे पाठ दाखवणं म्हणजे पळून जाणं. रणातून पाठ फिरवलेल्याचं नाव पोवाड्यात येत नाही. आणि इथं लढाया करून आलेली साठी-सत्तरीची माणसं शत्रूला पाठ दाखवून तासतास उभी राहतात, आणि तीच त्यांची चाल. मग सुचलं की आपल्याच भाषेत 'पाठीशी उभं राहणं' हेही आहे. एकाकडे पाठ केल्याशिवाय दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहता येत नाही, एवढी साधी भूमिती आहे ती. फलकवाल्याला समोर पाहायला मिळतं ते काळं चामडं, त्यावरचे बिल्ले आणि फडफडणारं कापड. ज्या आईसाठी तो फलक लिहिला, तिला तो दिसतच नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली आणि ती मी एकदा हार्ली आजोबांना बोलून दाखवली. फेल्प्सची माणसं सैनिकांकडे वळली २००५ मध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं ती समलिंगी तरुणांच्या अंत्यविधींना हेच करत होती. १९९८ साली वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याला मारून टाकलं गेलं, त्याच्या अंत्यविधीबाहेर हेच फलक होते. तेव्हा कुणी मोटरसायकली काढल्या नाहीत. पुढच्या वर्षी लॅरमी गावात मारेकऱ्यावरचा खटला सुरू झाला, फेल्प्सची माणसं तिथंही आली, तेव्हा मॅथ्यूच्या मित्रमैत्रिणींनी चादरींचे मोठाले पांढरे पंख शिवून घेतले आणि देवदूतांसारखे पंख पसरून त्यांच्यापुढे गुपचूप उभे राहिले. म्हणजे ही युक्ती आधी त्या पोरांची. मी एवढं बोलून थांबलो. मला वाटलं म्हातारा चिडणार. ते गॅरेजमध्ये स्टुलावर बसून गाडी पुसत होते. बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, "मला ती पोरं माहीत नव्हती. असती तरी त्या वेळी मी गेलो नसतो. आत्ता जाईन." माणसानं आपल्याबद्दल इतकं सरळ बोललेलं मी फार कमी ऐकलं आहे.

कायद्याचीही बरीच गंमत झाली. २००६ च्या मे महिन्यात केंद्रानं कायदा केला : राष्ट्रीय दफनभूमीच्या फाटकापासून तीनशे फुटांच्या आत, अंत्यविधीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत, निदर्शनं करायची नाहीत. पण मेरीलँडमधल्या एका बापानं, अल्बर्ट स्नायडर यांनी, फेल्प्सवर दावा लावला होता. त्यांचा मुलगा मॅथ्यू मरीन सैनिक होता, इराकमध्ये असताना वारला, आणि त्याच्या मयतालाही हे फलक पोचले होते. ज्यूरीनं बापाच्या बाजूनं सुमारे १०९ लाख डॉलरची भरपाई ठरवली, न्यायाधीशानं ती ५० लाखांवर आणली, वरच्या कोर्टानं तीही रद्द केली आणि उलट बापालाच सोळा हजारांवर डॉलर खर्चापोटी भरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मार्च २०११ रोजी आठ विरुद्ध एक असा निकाल लागला, फेल्प्सच्या बाजूनं. सार्वजनिक जागेत, सार्वजनिक प्रश्नावर उच्चारलेला शब्द कितीही घाण असला तरी घटनेचं संरक्षण त्याला आहे. एकट्या न्यायमूर्ती अलिटोंनी विरोधी मत नोंदवलं.

त्या रात्री मी कुंपणापाशी जाऊन हार्ली आजोबांना विचारलं, आता काय? मला त्या निकालाचा राग आला होता, आणि खरं तर अजून पुरता गेलेला नाही, जरी डोक्याला तो पटतो. ते म्हणाले, "कायदा त्यांच्या बाजूनं आहे. पाठ माझी आहे."

फ्रेड फेल्प्स २०१४ मध्ये वारला. फलकवाले आता क्वचितच दिसतात. मी ज्या ज्या वेळी उभा राहिलो त्या एकाही वेळी ते आले नाहीत. ज्यासाठी ही रांग सुरू झाली ते कारणच जवळपास उरलं नाही, आणि रांग मात्र राहिली. आता इराकमधून पेट्या येत नाहीत. आता जातात ते व्हिएतनामवाले, कोरियावाले, उरलेसुरले दुसऱ्या महायुद्धातले. घरात, इस्पितळात, वृद्धाश्रमात जाणारी म्हातारी माणसं. मुलं तीन राज्यं पलीकडे, बहीण खाटेवर, मित्र आधीच गेलेले. इथला कायदा सांगतो की घरच्यांनी मागितलं तर प्रत्येक माजी सैनिकाला लष्करी मानवंदना मिळायलाच हवी. २००० सालापासून ते बंधनकारक आहे. पण मानवंदना म्हणजे किमान दोन गणवेशधारी, घडी घालून दिलेला झेंडा आणि बिगुलाची धून. दोन माणसं! खांद्याला चार तरी लागतात, असं आपण म्हणतो.

हेच बोलता बोलता मी एकदा त्यांना आमच्याकडची रीत सांगितली. त्यांच्या संघटनेचा एक नियम मला कधीच गळी उतरला नव्हता : घरच्यांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही. निमंत्रण आलं तरच राइड कॅप्टन सगळ्यांना निरोप धाडणार. मी म्हटलं, हे उफराटं आहे. आमच्या सातारकडं म्हणतात, सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि दुःखाला बोलावण्याची वाट बघू नये. मयताला बोलावणं नसतंच. वाडीवस्तीवर बातमी पोचते, हातातलं काम टाकून माणूस निघतं. आमच्या गावापासून जवळच अपशिंगे आहे, अपशिंगे मिलिटरी असंच त्याचं नाव पडलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली, गावात त्यांचं स्मारक आहे. घराघरात फौजी. तिथं कुणाला निमंत्रण देणार, आणि कोण?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नको ते आले तर?"

मला उत्तर सुचलं नाही. टोपेकावाले न बोलावता आले होते. म्हणूनच यांनी बोलावल्याशिवाय न जाण्याचा नियम केला. ज्या दुःखात परके घुसले, त्याच दुःखात दुसऱ्या परक्यांनी शिरायचं तर आधी दार वाजवायला हवं. आणि आमच्याकडे तरी सगळे हवे तेच येतात का? हुतात्मा जवानाच्या अंत्ययात्रेत पांढऱ्या कपड्यांतली जी मंडळी पुढची जागा पकडून कॅमेऱ्याकडे बघत उभी असतात, त्यांना कुणी बोलावलेलं असतं? पण हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. परदेशात राहिलं की आपल्या गावाची अब्रू जरा जास्तच जपाविशी वाटते.

माझे चुलते, अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाले, गावी येऊन शेती केली, सोसायटीत भांडणं केली आणि २०१६ च्या पावसाळ्यात गेले. मी इथं, रात्रीचे दोन वाजलेले, चुलतभावानं फोन चालू ठेवला होता. मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पाऊस, टाळ, बायकांचं रडणं आणि चिखलातून चालणारी शेकडो पावलं. तालुक्यातले माजी फौजी डोक्याला टोप्या, छातीला पदकं लावून आले होते म्हणे. पुढं चितेपाशी कुणीतरी घोषणा दिली आणि तिला एवढा मोठा आवाज उठला की फोन खरखरला. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभा होतो. सकाळी हार्ली आजोबांना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी दारात येऊन त्यांनी विचारलं, कुठली रेजिमेंट, किती वर्षं, कुठल्या लढाईत. मी सांगितलं. त्यांनी आमच्या दारात सावधान उभं राहून कपाळाला हात लावला आणि गेले.

त्यानंतरच मी त्यांच्याबरोबर जायला कबूल झालो. तोवर माझी कारणं तयार असायची. शनिवारी मुलीचं पोहणं आहे, मंडळाची बैठक आहे, माझ्याकडे मोटरसायकल नाही, मी सैनिक नाही, मी तर या देशाचा नागरिकही नाही. राइड कॅप्टन ही एक ठेंगणी आजी होती. माझी यादी तिनं शांतपणे ऐकली. म्हणाली, मोटरसायकल लागत नाही, फौजी असावं लागत नाही, वर्गणी नाही. आदर असला की झालं. गाडी असेल तर पाण्याच्या बाटल्या आणशील का? म्हणून विनफील्डच्या त्या नोव्हेंबरात मी माझी टोयोटा घेऊन तीस मोटरसायकलींच्या शेवटी, डिकीत पाण्याच्या पेट्या भरून, वरातीतल्या सामानाच्या टेंपोसारखा गेलो.

त्या बेवारस सैनिकाचा झेंडा द्यायचा कुणाला, हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. दोन तरुण सैनिकांनी तो घडी घातला. तेरा घड्या. लाल-पांढरे पट्टे हळूहळू आत जातात आणि शेवटी हातात उरतो तो निळा त्रिकोण, नुसत्या चांदण्यांचा. मग त्या सैनिकानं गुडघा टेकायचा आणि राष्ट्राध्यक्षांच्या, सैन्याच्या आणि कृतज्ञ देशाच्या वतीनं तो घरच्यांच्या हाती द्यायचा. घरचं कुणी नव्हतं. पुढच्या खुर्चीवर राइड कॅप्टन आजी जाऊन बसली. सैनिकानं तिच्यापुढे गुडघा टेकला, सगळी वाक्यं शब्द न् शब्द म्हटली, आणि तिनं तो त्रिकोण पोटाशी धरला. डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, पुसलंही नाही. मी मनात म्हटलं, रुदाली का? लगेच स्वतःची लाज वाटली. रुदालीला पैसे मिळतात.

सगळंच मला पटतं असं नाही. इथं झेंड्याचा सोस फार आहे, टी-शर्टवर झेंडा, गादीच्या दुकानावर झेंडा. माजी सैनिक जिवंतपणी पुलाखाली झोपतो आणि मेल्यावर त्याच्यापुढे पन्नास मोटरसायकली धावतात, हे पाहून मी एकदा फटकळपणे बोललो. हार्ली आजोबा म्हणाले, "मंगळवारी सकाळी साडेसहाला मोकळा आहेस का?" मंगळवारी ते माजी सैनिकांना इस्पितळात नेऊन आणायचं काम करत, अकरा वर्षं करत होते. मला माहीत नव्हतं. मी मंगळवारी मोकळा नव्हतो.

व्हिएतनामबद्दल ते जवळजवळ काहीच सांगत नसत. सक्तीच्या भरतीचं पत्र आलं, १९६८ मध्ये गेले, हेलिकॉप्टरची दुरुस्ती केली, परत आले आणि विचिट्यातल्या विमान कारखान्यात चाळीस वर्षं रिव्हेट ठोकले, एवढंच. परतल्यावर कुणी शिव्या दिल्या का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "नाही. कुणी काहीच म्हणालं नाही." त्यांच्यातले लोक एकमेकांना भेटले की हात मिळवून 'वेलकम होम' म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी घरी आलेल्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वी घरी आलेला माणूस म्हणतो, ये, घरी आलास. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी नुकतंच प्रवासातून आलंय.

२०२२ च्या जूनमध्ये ते गेले. झोपेत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्यांच्या पत्नीनं, आमच्या शेजारच्या आजींनी, सकाळी आमचं दार वाजवलं ते अंत्यविधीवाल्यांना फोन करायच्याही आधी. बायको त्यांच्याजवळ बसली. मी त्यांच्याकडून राइड कॅप्टनचा नंबर घेतला आणि फोन करायला लागलो, तसं आजींनी माझा हात धरला. "मी करते. ते घरच्यांनीच सांगावं लागतं." फोनवर त्या एवढंच म्हणाल्या की आम्हाला तुम्ही यायला हवे आहात.

अंत्यविधीच्या दिवशी के-पंधरा रस्त्यानं विनफील्डकडे निघालो. पुढे मोटरसायकली दोन-दोनच्या जोडीनं, मागं झेंडे बांधलेले, मग शवगाडी, मग आम्ही. गोल्डविंग त्यांच्या मुलानं चालवली. डर्बी गेलं, मल्व्हेन गेलं, युडॉल गेलं. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला घेऊन थांबत होत्या. ही इथली रीत आहे, ट्रकवालासुद्धा थांबतो. गव्हाची कापणी जोरात होती, दोन्ही बाजूंना पिवळं शेत आणि धुळीचे लोट. एका शेतात कंबाइन चालू होतं. आमची रांग दिसली तशी ते थांबलं, चालवणारा पोऱ्या शिडीवरून खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि शेवटची गाडी जाईतो धुरळ्यात उभा राहिला. कापणीच्या दिवसांत पाच मिनिटांची किंमत काय असते हे शेतकऱ्याच्या पोरानं सांगायला नको. मी आरशात बघत होतो. बायको म्हणाली, "रस्त्याकडे बघ."

फाटकापाशी मला झेंडा दिला. रांगेत या वेळी बेचाळीस जण होते, मी मोजले. वारा होताच. मी त्याला थोडं दिलं. शवगाडी समोरून गेली तेव्हा हुकूम आला, आणि बेचाळीस माणसं गप्प झाली म्हणावं तर ती आधीच गप्प होती. ऐकू येत होतं ते फक्त कापड. ओल्या साडीचा पिळा झटकावा तसा आवाज, एकदम बेचाळीस ठिकाणी.

बिगुल वाजला. चोवीस सुरांची ती धून १८६२ पासून, यादवी युद्धापासूनची आहे. वाजवणाऱ्या सैनिकाचे गाल हलत नव्हते. इंजिनियरच्या डोळ्याला या गोष्टी दिसतात. बिगुल वाजवणारे पुरत नाहीत म्हणून २००३ पासून बिगुलाच्या भोंग्यात एक यंत्र बसवतात, कळ दाबली की धून वाजते, हातात बिगुल धरून नुसतं उभं राहायचं. हार्ली आजोबांना त्याचा भयंकर राग होता. "माझ्या वेळी कुणी कळ दाबली तर मी पेटीतून उठेन," असं ते म्हणत. मी पेटीकडे पाहिलं. मुलानंही पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघंही खाली बघायला लागलो, कारण हसू आलं असतं.

त्रिकोण आजींच्या हातात गेला. मग एकेक मोटरसायकलवाला पुढं आला, हात मिळवला, एखादा शब्द बोलला आणि मागं झाला. दाढीवाला सगळ्यांत शेवटी आला. त्यानं आजींना काही म्हटलं नाही. पेटीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "वेलकम होम."

नंतर झेंडे दांड्याला गुंडाळून ट्रेलरमध्ये गेले, प्रत्येकाला प्लास्टिकच्या नळीचं एकेक घर आहे. चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम, चीज घातलेले बटाटे आणि बायकोनं पहाटे उठून केलेला मसालेभात. मसालेभात आधी संपला.

रात्री गावाकडून चुलतभावाचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती. हार्ली आजोबांबद्दल त्याला वर्षानुवर्षं माझ्याकडून ऐकून माहिती होतं. आमच्याकडे मयताबद्दल पहिला प्रश्न जो विचारतात तोच त्यानं विचारला.

"मयताला माणूस किती हुतं?"

"घरचे धरून साठेक असतील. त्यातले बेचाळीस बाहेरचे."

"भावकीतले?"

"नाही रे. ओळखपाळख पण नव्हती बऱ्याच जणांची. त्यांना बोलावलं होतं."

"मयताला बोलावलं?"

"हो. इथं तशी रीत आहे."

फोनवर थोडा वेळ नुसता कोंबडा ऐकू येत होता.

"आनि आले?"

"आले."

"बरं झालं," तो म्हणाला. मग विचारलं, "पाऊस हाय का तिकडं? हितं अजून थेंब नाही."